तयार स्ट्रटचा संच: स्प्रिंग दाबायची कटकट वाचली, माउंटबद्दल मात्र तक्रार आहे

आधी निकाल सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन तारे. पुढचे दोन स्ट्रट (स्प्रिंगच्या मधोमध बसणारा शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारी नळी), त्यांना स्प्रिंग, वरचं माउंट (स्ट्रट गाडीच्या बॉडीला जोडणारा भाग), बेअरिंग आणि धुळीचं बूट (रबरी आवरण) असं सगळं जोडून तयार, आणि मागचे दोन साधे शॉकअप, असा हा चारचा संच. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते. काम घरीच केलं, हाताखाली धाकटे दीर होते. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण असे संच बरेच जण विकतात आणि मी ज्या गोष्टी सांगणार आहे त्या कुठल्याही खोक्यात तपासून घ्याव्यात अशाच आहेत.

जुने शॉकअप गेलेत हे कळायला मशीन लागत नाही. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन थांबायला हवी. आमची डोलतच राहायची. ब्रेक मारला की नाक खाली. डाव्या स्ट्रटच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ होती. टायरवर हात फिरवला तर उंचवटे-खड्डे बोटाला लागत होते. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये हे शेवटचं लक्षण अंगावर काढू नये. चारही चाकं एकमेकांना जोडलेली असल्यामुळे टायरच्या घेरात फार फरक पडला तर ताण पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मधल्या डिफरन्शियलवर किंवा कपलिंगवर येतो. सुबारू तर हा फरक पाव इंचाच्या आत ठेवा असं सांगते. म्हणजे एक टायर वेडावाकडा झिजला की चारही बदलायची पाळी येऊ शकते. शॉकअप त्यापेक्षा परवडले.

तयार असेंब्लीच का घेतली? स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराला, स्प्रिंग कॉम्प्रेसरला, मी घाबरते, आणि ते सांगायला लाजत नाही. दाबून धरलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो. कॉम्प्रेसरचा हूक निसटला तर हात जाईल की जबडा हे आपल्या हातात नसतं. तयार स्ट्रटमध्ये तो प्रश्नच नाही. फक्त एक पथ्य पाळायचं: गाडीत बसवताना वरचे तीन नट सोडायचे-घट्ट करायचे, मधल्या नटाला हात लावायचा नाही. जुन्या स्ट्रटची स्प्रिंग अजून दाबलेलीच असते आणि तिला तोच एक नट धरून असतो. दिरांनी नेमकं विचारलंच, "वहिनी, मोठा पाना याला लावू का?" मी जवळजवळ ओरडलेच, "त्याला नाही हो! बाजूचे तीन!"

आता कामातला खरा नाजूक भाग. स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट निघाले की नकल, म्हणजे हब ज्यात बसतं तो लोखंडी भाग, वरून सुटा होतो आणि बाहेरच्या बाजूला कलंडतो. तो तसाच लटकू दिला तर ॲक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, ओढला जातो आणि आतल्या टोकाचा जॉइंट रबरी बुटाच्या आतल्या आत निसटू शकतो. बाहेरून काही दिसत नाही आणि गाडी हलली की आवाज सुरू होतो. म्हणून बोल्ट काढण्याआधीच मी नकल जाड तारेने बांधून ठेवली. ब्रेकची नळी आणि एबीएस सेन्सरची वायर स्ट्रटवरच्या पट्टीतून आधीच सोडवली. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ॲक्सलची ही काळजी पुढेच घ्यावी लागते. आपल्या गाडीत मागच्या चाकांनाही ॲक्सल आहेत, हे विसरायचं नाही.

त्या दोन बोल्टांपैकी वरचा काही गाड्यांत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) जुळवायचा असतो, म्हणजे त्याचा दांडा मुद्दाम एका बाजूला फुगीर असतो. काढण्याआधी त्याच्या डोक्यावर आणि स्ट्रटवर मिळून पांढऱ्या रंगाची रेघ मारली. शिवाय बोल्ट धरायचा आणि नट फिरवायचा. बऱ्याच गाड्यांत बोल्टच्या मानेला दाते असतात, बोल्टच फिरवला तर ते भोक खातात.

आता तक्रार. मॅकफर्सन स्ट्रट हा नुसता शॉकअप नाही. स्टिअरिंग वळवलं की अख्खा स्ट्रट वरच्या बेअरिंगवर फिरतो. म्हणून बसवण्याआधी खालची नळी गुडघ्यांत धरून वरचं माउंट हाताने फिरवून बघितलं. उजवं सरळ फिरलं. डावं अडखळत होतं, मध्ये खर्रकन थांबायचं. तसंच बसवलं असतं तर पूर्ण स्टिअरिंग कापताना स्प्रिंग पीळ धरून मग टण्णकन सुटली असती. विक्रेत्याने कुरकुर न करता तो बदलून दिला, त्याचे गुण देतेच. पण बदलून आलेलं बेअरिंगही गाडीतून निघालेल्या जुन्याइतकं सुळसुळीत नाही. एका माउंटच्या आट्यांत रंगाचा जाड थर होता, नट बोटांनी दोन फेरेसुद्धा जाईना. तारेच्या ब्रशने साफ केल्यावर गेला. जोर लावून पान्याने हाणला असता तर आटे गेले असते. आणि सोबतच्या कागदावर फक्त चित्रं, एकाही नटाचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते, नाही. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

दुसरी तक्रार स्प्रिंगची. तयार स्ट्रट घेतला की त्यांची स्प्रिंगही पदरात पडते, आणि ती बरेचदा गाडीच्या तीन-चार प्रकारांना चालेल अशी बनवलेली असते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मी टेपने आधी आणि नंतर मोजलं. पुढून गाडी आता किंचित उंच बसते. जुन्या स्प्रिंग बसलेल्या होत्या हे धरूनही मला ते थोडं जास्त वाटतं. तुमची स्प्रिंग धडधाकट असेल आणि कॉम्प्रेसरचं काम करून देणारं कोणी भरवशाचं असेल, तर नुसते स्ट्रट घेणं बरं.

मागचे शॉकअप मात्र उत्तम. काम पुढच्यापेक्षा सोपं, पण खालचा लांब बोल्ट रबरी बुशच्या मधल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. शॉकअप काढण्याआधी लोअर आर्मखाली (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली) जॅक लावाच, कारण आर्म खाली जाताना त्याला अडवणारा शॉकअपच असतो. नवीन शॉकअपचा पट्टा कापला की गॅसमुळे दांडा आपोआप बाहेर येतो, तेव्हा आधी जागेवर धरा, मग कापा. वरचा नट लावताना दांडा पकडीने धरू नका. त्यावर ओरखडा उठला की सील गेलंच. इम्पॅक्ट गनही (झटक्यांनी नट फिरवणारं मशीन) नको. खालचा बोल्ट शेवटचा घट्ट केला तो आर्म जॅकने उचलून, गाडी जमिनीवर उभी असते त्या उंचीला आणून. लटकत्या स्थितीत आवळला तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

गाडी स्टँडवर असताना पुढची किंवा मागची दोनच चाकं हवेत ठेवून इंजिन गिअरमध्ये टाकायचं नाही, हेही सांगून ठेवते. जमिनीवरची चाकं ओढ घेतात आणि गाडी स्टँडवरून उडी मारते.

बोल्टवरची रेघ जुळवूनही अलाइनमेंटच्या मशीनवर टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते माप) मर्यादेबाहेरच दाखवला, तेव्हा तो खर्च टाळता येईल या भ्रमात राहू नका. चारही चाकांचं करून घेतलं. आता गतिरोधकावर एक उठाव, एक बसणं, बस्स. मागे बसलेल्या सासूबाई हल्ली पुढची सीट धरून बसत नाहीत. डाव्या माउंटवर मात्र माझं लक्ष आहे. स्टिअरिंग कापताना आवाज आला तर अर्धा तारा आणखी कमी करीन.