जमीन सामाईक ठेवावी, ट्रस्ट करावा, की वाटून घ्यावी?

गावची जमीन घराण्यातच राहावी असं वाटणाऱ्यांपुढे साधारण तीन वाटा असतात. आमच्या घरात गेली काही वर्षं या तिन्हींवर बोलणं झालं. राजापूर तालुक्यातलं कौलारू घर, भोवती हापूसची कलमं आणि खाली व्हाळाकडेचा लहानसा मळा, एवढीच आमची मिळकत. प्रत्येक घराचं गणित वेगळं असतं, हे आधीच मान्य करतो.

बरीच वर्षं मी सामाईकच्याच बाजूचा होतो. 'सातबारा फुटला की घर फुटतं,' असं वडील म्हणायचे, आणि त्यात नुसती भावना नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 मुळे एखाद्याला वारशाने आलेला हिस्सा विकायचा झाला, तर सोबतच्या प्रथम वर्गाच्या वारसांना (मुलगा, मुलगी, विधवा, आई अशा जवळच्यांना) तो घेण्याचा पहिला मान मिळतो. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं. राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेऊन वाटपाचा दावा लावला, तर 1893 च्या वाटप कायद्याने घरच्यांना तो हिस्सा किंमत देऊन परत घेता येतो. सख्ख्या भावंडांत हे बळ मोठं आहे. कलम 22 चा आधार चुलत-चुलतांपर्यंत पोचवणं मात्र कठीण.

माझं मत फिरलं ते मळ्यातल्या विहिरीपाशी. पंपासाठी वीजजोडणी हवी होती. जुन्या उताऱ्यावर आजोबा एकटेच, नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि नव्या उताऱ्यावर 23 नावं. अर्जाला सगळ्या खातेदारांची संमती जोडा म्हणाले. नागपूर, बडोदा, मस्कत, जिथे जो असेल तिथे कागद पाठवले. 21 सह्या जमल्या, आणि बदलापूरचे काका सही करायच्या आधीच गेले. त्यांच्या जागी चार वारस आले. वारसनोंदीचा फेरफार, मग त्या चौघांची संमती, असं सगळं पुन्हा सुरू झालं. कोणी अडवणूक केली नव्हती, आणि हेच मला जास्त लागलं. सगळ्यांची मनं स्वच्छ असताना दोन उन्हाळे गेले. मी आणि बायकोने घागरीने पाणी घालून 60 नवी कलमं जगवायचा प्रयत्न केला. 19 जगली.

ट्रस्टचा आग्रह मुंबईच्या चुलतभावाचा. ट्रस्ट केला की मिळकत कायमची सुरक्षित, असा एक समज आहे. तसं नाही. खासगी ट्रस्टची बांधणी कायद्याने हयात माणसांच्या आयुष्यापलीकडे फार तर पुढचा वारस सज्ञान होईपर्यंत टिकते. शिवाय नोंदणीकृत दस्त, दरवर्षीचा हिशेब, विवरणपत्र हे आलंच. भाडं येणाऱ्या शहरातल्या इमारतीला तो शोभेलही. आमच्या कलमांना तो भार वाटला.

राहिलं वाटप. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे ते होतं. अर्ज एकाने केला तरी चालतो, बाकीच्यांना नोटिसा जातात. पण मालकीचाच वाद निघाला तर आधी दिवाणी कोर्ट. सह्यांची दगदग इथेही आहेच, पण ती एकदाच. माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीने लागला.

मळा इतका लहान की तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे करू न देणाऱ्या कायद्यामुळे, तो फोडण्यात अर्थ नव्हता. साडू गोव्याचे. तिकडे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारशाच्या वाटपाच्या कोर्टातल्या कामात वारस आपसांत बोली लावतात, मिळकत एकाकडे जाते आणि बाकीच्यांना पैसे मिळतात. आम्ही मळ्यासाठी घरातल्या घरात तेच केलं. मळा माझ्याकडे आला आणि इतरांचे पैसे मी तीन हप्त्यांत दिले.

बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायची घाई कृपा करून करू नका. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटेकरी, झाली, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायला हवेत असं नाही, हे 2020 च्या निकालाने स्पष्ट झालं. पण कायदा बाजूला ठेवला तरी ताईला वरची कलमं मिळाली तेव्हापासून ती दर मे महिन्यात आढी लावायला स्वतः येते. आधी ती पाहुणी म्हणून यायची.

घर मात्र आम्ही वाटलं नाही. माजघर आणि देवघर कसं वाटणार? ते सामाईकच ठेवलं, कौलं शेकारण्याचा खर्च शाखावार ठरवून दिला. विकायची वेळ आली तर आधी घरात विचारायचं, असंही वाटणीपत्रात लिहिलंय. कोर्टात ते कितपत टिकेल, ते तुमच्या वकिलाला विचारलेलं बरं.

मळ्यातली मोटर गेल्या मार्चमध्ये सुरू झाली. अर्जावर माझी एकट्याची सही होती.