कंत्राटी कामगारांच्या दाव्यांसाठी ‘ई-एससीआर’ : एक परीक्षण

सरकारी कामे खासगी कंत्राटदारांकडे सोपवण्यावरून उभ्या राहिलेल्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाची ‘ई-एससीआर’ (इलेक्ट्रॉनिक सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स) ही ऑनलाइन सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्याच अंगाने हे परीक्षण लिहीत आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत न्यायालयाच्या अधिकृत अहवालात छापलेले निकाल कोणालाही विनामूल्य वाचता येतात, आणि वकिलाची फी जमवताना मेटाकुटीला येणाऱ्या कामगारांसाठी ही साधी गोष्ट नाही.

सेवेचे खरे मोल एकाच प्रश्नावरचे निकाल क्रमाने वाचताना कळते. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली की तेथील कामगार आपोआप मूळ नियोक्त्याचे, म्हणजे कंत्राटदारामार्फत काम करून घेणाऱ्या संस्थेचे, कर्मचारी होतात, असे ‘एअर इंडिया’ प्रकरणात १९९६ साली ठरले होते. २००१ च्या ‘स्टील अथॉरिटी’ निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते मत उलटवले आणि साफसफाई व पहाऱ्याच्या कामांत कंत्राटी पद्धतीला मनाई करणारी केंद्राची १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली. नुसता सारांश वाचणाऱ्याला येथे वाट खुंटली असेच वाटेल. परंतु कंत्राट केवळ नावापुरते आहे हे पुराव्याने सिद्ध झाल्यास कामगारांना दिलासा देण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा अधिकार त्याच निकालाने शाबूत ठेवला आहे. म्हणूनच हजेरी कोण घेते, रजा कोण मंजूर करते, कामाचे आदेश कोण देते, या तपशिलांवर असे दावे तरतात किंवा बुडतात, आणि हे समजण्यासाठी निकाल मुळातूनच वाचावा लागतो.

त्यापुढे, रीतसर निवडीविना नेमलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा हक्क नाही असे सांगणारा २००६ चा ‘उमादेवी’ आणि डिसेंबर २०२४ चा ‘जग्गो’ हे निकाल जोडीने वाचावेत. दुसऱ्या प्रकरणात केंद्रीय जल आयोगाने सफाई व बागकाम करणाऱ्यांना काढून तेच काम बाह्ययंत्रणेकडे दिले होते. काम कायमस्वरूपी असल्याची ती खूणच न्यायालयाने मानली आणि त्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेश दिला. नियमितीकरण नाकारताना ‘उमादेवी’चा सरसकट आधार घेणाऱ्या कार्यालयांना हे उत्तर मिळणे आवश्यकच होते.

काही निकालांचे मराठी अनुवादही येथे मिळतात, मात्र ते समजून घेण्यापुरतेच आहेत. दाव्यात इंग्रजी पाठच ग्राह्य धरला जातो. शिवाय ही सेवा सर्वोच्च न्यायालयापुरती असल्याने, पुराव्याची खरी झुंज जेथे होते त्या औद्योगिक न्यायाधिकरणांचे निवाडे अन्यत्र शोधावे लागतात.