पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी पेटी की कीबोर्ड?

मूल ऐकलेली चाल गुणगुणायला लागलं की घरात हा प्रश्न निघतोच. कीबोर्ड हलका, आवाज हवा तेवढा कमी करता येतो, बोट ठेवलं की वाजतो. पेटीचा भाता मारताना लहान हात लवकर दमतो.

तरी मुलाला गायचं असेल तर माझं मत पेटीलाच. कीबोर्डवर पियानोचा आवाज लावला की सूर उमटून विरतो. पेटीचा सूर भाता चालेपर्यंत टिकतो आणि मुलाला त्यात आपला ‘सा’ निवांत मिसळून बघता येतो. सुरुवातीला भाता आईबाबांनी मारावा, मुलाने फक्त गावं! काळी चार असो वा पांढरी पाच (पेटीवरची चौथी काळी किंवा पाचवी पांढरी पट्टी), गळा सहज लागेल तिथला सा धरा. मोठ्यांच्या पट्टीत, म्हणजे त्यांच्या ‘सा’वर, मुलाला ओढू नका. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, मात्र पेटीवर निघत नाही, ती गुरूच्या गळ्यातूनच ऐकायची. आणि गांधर्व महाविद्यालयाच्या ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेची एवढ्यात घाई नको.

दोन्ही हातांनी पाश्चात्त्य पद्धतीचं वादन शिकायचं असेल तर कीबोर्डच घ्या, पण पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचा. त्यातले तयार ठेके (आपोआप वाजणारा ताल) सुरुवातीला बंद ठेवा. मुलं त्यातच रमतात आणि सूर ऐकायचा राहून जातो.