सीट मऊ झाली, पण पाणी पिते: फोम, एअर कुशन आणि डायमंड शिलाई

बाइकची सीट नवीन करून घेतली, त्याचा हा रिव्ह्यू एप्रिलात लिहिला असता तर फार गोड झाला असता. आता पावसाळा बघून झालाय.

गाडी १५० सीसीची, रोज ऑफिसला नेणारी. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून नागपूरहून निघालं की आपण अजून जुन्याच रस्त्याने: बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव, अमरावती, पुढे परतवाड्याहून चिखलदरा. कंपनीच्या सीटवर तळेगावपर्यंत कसंबसं निभायचं, मग माकडहाड बोलायला लागायचं. तिवस्याला चहाच्या नावावर थांबायचो, चहा नको असला तरी.

सीटवाल्याकडे गेलं की सगळे एकच सांगतात, मऊ करून दे. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलेला मऊ फोम छानच वाटतो. तासाभराने तो वजनाखाली चेपतो आणि आपण सीटच्या प्लॅस्टिकवर बसलेलो असतो. बसल्यावर भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला पाहिजे. ती रुतली की भार मधल्या नाजूक जागेवर जातो आणि मुंग्या येतात. म्हणून मी खाली कडक रीबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून-चिकटवून केलेला) घातला, वर मऊ थर पातळच ठेवला. शिवाय टाकीकडचा उतार भरून घेतला. ब्रेक मारला की टाकीवर सरकत होतो, ते थांबलं आणि अर्धं दुखणं तिथेच गेलं. बसायची जागा मागे रुंद केली, पुढे मात्र निमुळतीच ठेवली, नाहीतर सिग्नलला पाय टेकत नाहीत.

मेमरी फोमचा नाद नागपुरात करू नका. तो उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. मित्राच्या सीटमध्ये आहे. मे महिन्यात उन्हात उभी गाडी घेतली की मित्र खड्ड्यात बसतो आणि डिसेंबरात पहाटे पेंचकडे निघालो की लाकडावर.

इथपर्यंत पाचपैकी साडेचार. आता शिलाई.

कव्हरवर डायमंड शिलाई, म्हणजे तिरप्या चौकटींची, दिसते सुंदर, पैसेही वेगळे घेतले. पण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट, आणि ही भोकं नेमकी बसायच्या जागेवर. आतला फोम उघड्या छिद्रांचा, पाणी धरून ठेवणारा. पाऊस थांबून रात्र उलटते, वरून रेक्झिन ठणठणीत कोरडं, आणि बसलं की खालून गार पाणी वर येतं. ऑफिसात पॅन्टवर मागे चौकटींची नक्षी घेऊन फिरलोय. सीट घेऊन परत गेलो, तर उत्तर मिळालं, ‘भाऊ, गॅरंटी रेक्झिनची असते, शिलाईची नसते ना.’ काहून नसते? शिलाईचे पैसे घेताना तर वेगळा हिशेब केला होता! बराच वाद झाला. शेवटी आतून एक पॉलिथिन लावून दिलं, त्याचेही पैसे घेऊन. आता पाणी कमी शिरतं, पण शिरलेलं निघतही नाही. घाम वेगळाच.

या भानगडीत एअर कुशनबद्दलचं, म्हणजे सीटवर ठेवायच्या हवेच्या गादीबद्दलचं, मत मात्र बदललं. ऑनलाइन मागवलं तेव्हा मी त्याला फुगा म्हणत होतो. टम्म भरला की वळणावर अंग डोलायचं, आणि सकाळी नीट भरलेली हवा दुपारच्या उन्हात फुगून दगड व्हायची. हवा किती भरायची, हे सोबतच्या कागदावर कुठेच नाही. जमलेली युक्ती अशी: आधी भरायचं, मग गाडीवर बसून व्हॉल्व्हमधून हळूहळू सोडत जायचं आणि बूड खाली टेकायच्या जरा आधी थांबायचं. अशा हवेत अमरावतीपर्यंत उतरायची गरज पडत नाही. रबर पाणीही पीत नाही. वरची जाळी भिजते, पण झटकली की वाळते. उंची थोडी वाढते, तेवढं सांभाळा.

मागच्या सीटचं काहीच केलेलं नाही. बायकोने ते दोनदा लक्षात आणून दिलंय, तिसऱ्यांदा खर्च होईल.

तर रीबॉन्डेड फोम आणि उताराची भराई डोळे झाकून करा. कव्हर साधं, मधे एकही शिलाई नसलेलं घ्या. आणि कंपनीचं जुनं कव्हर दुकानात सोडू नका, पिशवीत घालून घरी आणा. माझं मागायला गेलो तेव्हा त्याने ते कधीच भंगारात दिलं होतं.