बालगीतांचा स्पीकर : आठ महिने वापरून झाल्यावर

लेक साडेचार वर्षांची आहे, तिच्यासाठी मराठी बालगीतं आधीच भरलेला छोटा स्पीकर घेतला त्याला आता आठ महिने झाले. आम्ही बंगळुरूला असतो, शाळेत इंग्लिश, खाली खेळायला गेली की कन्नड, मराठी काय ती घरात. मोबाईलवर गाणं लावलं की ती ऐकत नाही, नुसती बघत बसते, म्हणून स्क्रीन नसलेलं काहीतरी हवं होतं.

आवाज स्वच्छ आहे, चार्जिंग आम्हाला तीन दिवस पुरतं. पण व्हॉल्यूमला मर्यादा घालता येत नाही, लहान मुलांच्या वस्तूत ती हवीच. आणि सोबतच्या छापील यादीत फक्त गाण्यांची नावं, लिहिलं कोणी, चाल कोणाची, गायलंय कोणी, काही नाही. याचा मला खरंच राग आला. 'नाच रे मोरा' गदिमांचं, चाल पुलंची, आवाज आशाताईंचा, १९५३ च्या 'देवबाप्पा'मधलं, एवढं छापायला कितीशी जागा लागते?

गाणी जुनी आणि नवी दोन्ही आहेत. नव्यांमध्ये बऱ्याचदा कीबोर्डचा ठेका आणि मोठ्या बाईने बोबडं बोलत गायलेलं, लेक ते ऐकते पण स्वतः गात नाही. 'सांग सांग भोलानाथ' लागलं की मात्र पहिल्या ओळीपासून सोबत सुरू! पाडगावकरांचं गाणं, मीना खडीकरांची चाल, आणि गायलंय मुलांनीच, योगेश आणि रचना ही त्यांची स्वतःची मुलं आणि शमा खळे. मला वाटतं तिला त्यात आपल्यासारखंच कुणीतरी ऐकू येतं.

एकदा तिने विचारलं, भोलानाथ कोण? मग नंदीबैलवाला सांगितला, तो दारात येऊन गुबूगुबू वाजवतो, बैलाला पाऊस पडेल का विचारतो आणि बैल मान हलवतो. तिने नंदीबैल कधी बघितलेलाच नाही. दिवसभर मग मीच बैल, ती विचारणार आणि मी मान हलवणार.

मोराच्या गाण्यातलं 'इरलं' तर मलाही नीट सांगता येईना. आईला फोन लावला, ती राजापूरकडची, तिने नातीला सांगितलं की बांबूच्या कामट्या आणि पानं घालून करतात, डोक्यावरून पाठीवर येतं, भातलावणीला वाकलं तरी पाठ भिजत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एका शब्दावर दोघी अर्धा तास बोलत होत्या, एरवी आजीशी फोनवर दोन मिनिटंही टिकत नाही ती.

चार्जिंगची पिन जरा सैल झालीय, पण घ्यायचा असेल तर घ्या. त्या यादीवर मी आता पेनने कवी-संगीतकार-गायकांची नावं लिहीत चाललेय, चाळीसेक गाणी झाली, बाकीची चालू आहेत.