ऑनर्स: वेगळं वर्ष की सलग चार वर्षांची पदवी?

ऑस्ट्रेलियात विज्ञानाची साधी पदवी 3 वर्षांची. ऑनर्स म्हणजे त्यावर संशोधन आणि प्रबंधाचं आणखी एक वर्ष, आणि त्यासाठी सहसा नव्याने अर्ज. शेवटच्या वर्षाच्या विषयांत चांगली सरासरी लागतेच, पण खरी मेख मार्गदर्शकाची. एखाद्या प्राध्यापकाने आपल्या प्रयोगशाळेत घ्यायला होकार दिला नाही, तर गुण असूनही घोडं अडतं. ईमेल आधीच्या सत्रातच पाठवलेले बरे.

सलग 4 वर्षांच्या पदवीत ऑनर्स आतच असतं. वेगळा अर्ज नाही. मात्र सरासरी घसरली की बऱ्याच ठिकाणी साध्या पदवीकडे वळवतात. प्रबंधाचं काम दोन्हीकडे, दर्जाही तोच: राष्ट्रीय पात्रता चौकटीत (देशातल्या पदव्यांचा दर्जा ठरवणाऱ्या उतरंडीत) आठवी पातळी.

विषय पक्का नसेल तर मी पहिलाच मार्ग सुचवेन. तिसऱ्या वर्षानंतर विद्यापीठसुद्धा बदलता येतं.