महापेचं फेज-चेंज फोटॉनिक्स वर्कशॉप, सिम्युलेशन सोडलं तर पैसे वसूल

मी ऐरोलीला डेटा सेंटरच्या नेटवर्क टीममध्ये आहे. फायबर, ट्रान्सीव्हर रोज हाताखालून जातात, पण फोटॉनिक चिपच्या, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या चिपच्या आत काय चालतं ते नीट कुणी समजावलं नव्हतं, म्हणून महापे एमआयडीसीतल्या एका ट्रेनिंग सेंटरचं शनिवार-रविवारचं हे वर्कशॉप केलं. विषय एकच, फेज-चेंज मटेरियलवर, म्हणजे ताप दिला की आतली अणूंची रचना बदलणाऱ्या पदार्थावर चालणारे, प्रकाशाचा रस्ता बदलणारे ऑप्टिकल स्विच. फी जास्त आहे हे खरं, पण रविवारचा डेमो बघितल्यावर त्याचं काही वाटलं नाही.

आधी थिअरी. नेहमीच्या सिलिकॉन स्विचमध्ये वेव्हगाइडला, म्हणजे चिपवरच्या प्रकाशाच्या वाटेला लागून बारीक हीटर असतो, तो तापला की रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) किंचित बदलतो आणि प्रकाश दुसऱ्या पोर्टला वळतो, पण वळलेला ठेवायचा तर हीटर सतत चालू लागतो, एकेक स्विच काही मिलिवॅट खात बसतो आणि असे शेकडो एका चिपवर आले की बिल आणि उष्णता दोन्ही डोक्यावर. फेज-चेंजमध्ये वेव्हगाइडवर अँटिमनी सेलेनाइडसारख्या मटेरियलचा पातळ थर देतात. हीटरने तापाचा छोटा पण कडक पल्स दिला की ते वितळून झटकन गोठतं, अणू विस्कटलेलेच राहतात. कमी तापाचा पण लांब पल्स दिला की अणू शिस्तीत लागतात. दोन्ही अवस्था मग वीज न देता तशाच टिकतात. मॅडमनी साखरेच्या पाकाचं उदाहरण दिलं, पटकन गार केला तर काचेसारखा, हळू होऊ दिला तर दाणेदार, आणि मागच्या बाकावरच्यांनासुद्धा ते तिथल्या तिथे कळलं. फायबरमध्ये वापरतात त्या १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला, विस्कटलेल्याचं दाणेदार झालं की इंडेक्स साधारण ३.३ वरून ४ च्या जरा वर जातो, म्हणजे फरक भरपूर.

आता डेमो. मायक्रोस्कोपचं चित्र मोठ्या स्क्रीनवर, त्यात त्या थराचा काही मायक्रॉनचा पट्टा. पल्स दिला, पट्ट्याचा रंग बदलला आणि त्याच क्षणी एका पोर्टचं रीडिंग पडलं, दुसऱ्याचं चढलं. मग मॅडमनी हीटरची वायरच काढून टेबलावर ठेवली, लेझर तेवढा चालू. जेवून आलो तरी रीडिंग जिथल्या तिथे! हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं, मला तर फारच भारी वाटलं.

सरांनी इतिहासही छान सांगितला, अशा मटेरियलवरचा अमेरिकन संशोधक ओव्हशिन्स्की यांचा १९६८ चा पेपर, मग रिरायटेबल डिस्क. तसली जुनी रिरायटेबल डीव्हीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून लिहिलेला भाग कसा वेगळ्या छटेचा दिसतो ते हातात देऊन दाखवलं, तेही याच जातीचं मटेरियल. आणि तोटे लपवले नाहीत हे मला सगळ्यात आवडलं. जुनं जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियम दाणेदार अवस्थेत १५५० ला प्रकाश खूप खातं, मेमरीला चालेल पण स्विचला नाही, म्हणून तर अँटिमनीचे सल्फाइड-सेलेनाइड पुढे आले, साउदम्प्टन विद्यापीठाचं २०२० चं काम त्यातलंच. दुसरं, पुन्हापुन्हा वितळवलं की थर झिजतो, त्यात पोकळ्या पडतात. त्यात दाणेदार व्हायला मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पॅकेटगणिक रस्ता बदलायचा असेल तर हे विसरा. पण आमच्याकडे असतात तसे लिंक, एकदा जोडले की कित्येक दिवस हात लावायचा नाही, तिथे हे एकदम फिट बसतं असं माझं स्पष्ट मत.

सिम्युलेशनचं सेशन मात्र वाया गेलं. लायसन्स पुरत नव्हते, अर्धा वेळ इन्स्टॉल करण्यात गेला, शेवटी सरांच्या लॅपटॉपवर सगळ्यांनी बघितलं, एवढी फी घेता तर हे आधी करून ठेवायला हवं होतं.

ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्सहार्बरने कोपरखैरणेला उतरून रिक्षा करा. डबा न्या, रविवारी एमआयडीसीत खायचे वांधे होतात. बारावीचं ऑप्टिक्स आठवत असेल तर कळायला अडचण येणार नाही. सेंटरवाल्यांना एकच विनंती, पुढच्या बॅचला सॉफ्टवेअर आधी टाकून ठेवा आणि तो वाचलेला वेळ डेमोला द्या, प्रत्येकाला स्वतः पल्स देऊन बघता आला पाहिजे.